जुन्या पावसाच्या चुगल्या

स्वच्छातला स्वच्छ पाऊसही थोडा आंबट असतो. कारखाने नव्हते, गाड्या नव्हत्या, माणूसही नव्हता, तेव्हाही तो आंबटच होता. ढगातून खाली येताना थेंब हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो, त्याचं सौम्य कार्बोनिक आम्ल होतं आणि सामू उतरतो साधारण ५.६ वर. थोडक्यात, आपल्या डोक्यावर पडतो तो भरपूर पाणी घातलेला सोडा. आपल्या जिभेला ते कळत नाही, खडकाला कळतं. लाखो वर्षं हे पाणी अंगावर घेतलं की काळ्या कातळाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते आणि ती माती ओढ्यावाटे वाहत जाऊन जवळच्या तळ्याच्या बुडाशी बसते. तिथे तिला कुणी ढवळलं नाही, तर ती कमालीची चुगलखोर निघते. कोणत्या शतकात पाऊस धो धो आला, कोणत्या शतकात त्यानं दडी मारली, कधी हिमयुग होतं, कधी वाळवंट हिरवं झालं, सगळं सांगून टाकते.

शाळेच्या भूगोलात ‘विदारण’ नावाच्या धड्यात हा विषय घाईघाईनं उरकला जातो. कायिक, रासायनिक, जैविक, प्रत्येकी एक उदाहरण, संपलं. त्या धड्यातून राहून गेलेल्या गमती पुढे आहेत.

दगड हवा खातो

पाऊस दगड विरघळवतो, हे अर्धंच झालं. त्या भानगडीत हवेतला कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. खडकातलं कॅल्शियम सुटतं, बायकार्बोनेटच्या सोबतीनं नदीतून समुद्रात जातं, तिथे शिंपले आणि सूक्ष्मजीव त्याची कवचं करतात आणि ती कवचं तळाशी साचून चुनखडक होतो. हवेतला वायू असा दगडात जाऊन बसतो.

आता यातली चलाखी बघा. हवा तापली की पाऊस वाढतो, रासायनिक क्रिया वेगानं होतात, दगड जास्त विरघळतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि पृथ्वी हळूहळू निवते. उलट फार थंडी पडली की दगड झिजायचा मंदावतो, ज्वालामुखी मात्र वायू सोडतच राहतात आणि पुन्हा ऊब येते. वॉकर, हेज आणि कास्टिंग या तिघांनी १९८१ मध्ये ही कल्पना नीट मांडली. तेव्हा ‘पृथ्वी आपलं बघून घेईल’ असं कुणी चहाच्या टपरीवर म्हणालं, तर त्याला खोटं पाडू नका. ती बघून घेतेच. फक्त तिला त्यासाठी काही लाख वर्षं लागतात.

या यंत्रणेचा कस लागला सुमारे ७१.७ कोटी वर्षांपूर्वी. जवळजवळ सगळी पृथ्वी बर्फाखाली गेली आणि पाच कोटींहून अधिक वर्षं तशीच राहिली. बर्फाखालच्या दगडावर पाऊस पडणार कसा? विदारण जवळपास बंद. ज्वालामुखींचा वायू हवेत साचत गेला, इतका की शेवटी बर्फ वितळलंच. मग पुन्हा एकदा गारठा आला आणि तो ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपला. त्यानंतर उघड्या पडलेल्या, बर्फानं भुगा केलेल्या खडकांवर गरम आणि आंबट पाऊस कोसळला. परिणाम आजही दिसतो: अनेक खंडांत हिमनद्यांनी आणलेल्या दगडगोट्यांच्या थरावर थेट उबदार समुद्रातल्या कार्बोनेट खडकाचा थर बसलेला आहे. बर्फाचा पुरावा खाली, उकाड्याचा वर, आणि मध्ये काहीच नाही.

सगळ्यांत खादाड दगड आपल्या अंगणात

सगळे दगड सारखे झिजत नाहीत. ग्रॅनाइट चिवट असतो, बेसॉल्ट लवकर हार खातो. जगाच्या जमिनीचा ५ टक्क्यांहूनही कमी भाग बेसॉल्टचा आहे, पण सिलिकेट खडकांच्या विदारणात जेवढा कार्बन डायऑक्साइड खर्च होतो, त्यातला सुमारे ३० टक्के हा एकटा खातो. आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्हाचे थर दख्खनमध्ये आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत.

दख्खनच्या ज्वालामुखींचं नाव निघालं की लोकांना डायनोसॉर आठवतात. मला त्याच्या पुढचा भाग जास्त मजेचा वाटतो. उद्रेकांनी हवेत बेसुमार कार्बन डायऑक्साइड सोडला, हे खरं. पण नंतर थंड झालेला तोच लाव्हा तो वायू परत खायला बसला. त्यात भारत तेव्हा उत्तरेकडे सरकत होता आणि वाटेत विषुववृत्ताचा मुसळधार पावसाचा पट्टा लागला. ताजा बेसॉल्ट आणि बारमाही पाऊस! डेनिस केंट आणि जोव्हानी मुत्तोनी यांनी २००८ मध्ये असं मांडलं, की पृथ्वी पुढे थंड होत गेली त्यात दख्खनच्या या प्रवासाचा हात असावा. हिमालयाच्या बाजूनं बोलणारेही आहेत. पर्वत उंचावला, ताजा खडक उघडा पडला, मान्सूनच्या पावसानं तो झिजवला आणि त्यातून जग निवलं, असं रेमो आणि रुडिमन यांनी १९९२ मध्ये सुचवलं होतं. कुणाचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. जगाला थंड केल्याचं श्रेय सह्याद्रीचं की हिमालयाचं, यावर महाराष्ट्रानं कुणाची बाजू घ्यावी हे सांगायला नको.

पावसाप्रमाणे दगडाचं काय होतं हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, घाट उतरला तरी पुरे. कोकणात आणि घाटमाथ्यावर इतका पाऊस पडतो की बेसॉल्टमधलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पुष्कळशी सिलिकासुद्धा धुऊन निघते. उरतं लोखंड आणि ॲल्युमिनियम. तो आपला जांभा. ॲल्युमिनियम जास्त साचलं की बॉक्साइट, कोल्हापूर जिल्ह्यात खाणीतून काढतात तेच. पूर्वेला देशावर उतरा. पाऊस कमी, त्यामुळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरंचसं जागीच राहतं आणि त्याच बेसॉल्टपासून फुगणारी, आक्रसणारी चिकणमाती तयार होते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी ती काळी. दगड एक, पाऊस वेगळा. एका बाजूला लाल चिरे, दुसऱ्या बाजूला कपाशीची जमीन.

यातला गमतीचा भाग असा, की कासच्या पठारावरचा किंवा पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा हा आजच्या पावसाचा हिशोब नाही. तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हवामानात तयार झाला. तेव्हाची सपाट जमीन पुढे नद्यांनी कापून काढली आणि तिचे तुकडे माथ्यावर टोपीसारखे उरले. कासला फुलांचे फोटो काढताना आपण एका जुन्या हवामानावर उभे असतो.

दगड किती झिजला आहे हे मोजायला नेस्बिट आणि यंग यांनी १९८२ मध्ये एक साधं गणित दिलं: ॲल्युमिनियम टिकतं आणि सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम पळतं, तर त्यांचं प्रमाण काढा. ताज्या बेसॉल्टचा आकडा साधारण ३० ते ४५ येतो, पूर्ण धुतलेल्या केओलिनाइट मातीचा जवळजवळ १००. तळ्याच्या गाळावर हेच गणित थराथरानं केलं, की काठावरचा दगड कोणत्या काळात किती जोरात झिजत होता याचा अंदाज येतो. गणित भाबडं आहे, हेही सांगायला हवं. गाळ जुन्याच मातीतून आला असेल तर आकडा फसवतो, कारण ती माती आधीच धुतलेली असते.

लोणार: खारं पाणी, गोड धार आणि खोटं न बोलणारे खडे

बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं आहे. कधी आदळली, यावर मात्र शास्त्रज्ञांत चांगलीच तफावत: एका पद्धतीनं वय निघालं सुमारे ५२ हजार वर्षं, २०११ मध्ये आर्गॉन समस्थानिकांवरून निघालं सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक.

काठावरच्या झऱ्याच्या धारेचं पाणी गोडं आहे आणि सरोवराचं पाणी खारं. सामू १० च्या आसपास, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी. कारण सरळ आहे. पाऊस आणि झरे बेसॉल्टमधून सोडियम घेऊन आत येतात, बाहेर जायला ओढा नाही, पाणी फक्त वाफेच्या रूपानं निघून जातं आणि क्षार मागे राहतात. लोककथेत याचं उत्तर जास्त रंगतदार आहे: विष्णूनं लवणासुराला इथे मारलं, पाणी हे त्याचं रक्त आणि मीठ हे त्याचं मांस. इथल्या क्षारांचा एके काळी रीतसर व्यापार चाले आणि त्यांच्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावं होती. जून २०२० मध्ये सरोवर अचानक गुलाबी झालं तेव्हा मोबाइलवर काय काय फिरलं ते आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं: खारट पाण्यात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव.

पण लोणारची खरी खबर पाण्यात नाही, पाण्याखाली आहे. २००८ मध्ये भारतीय आणि जर्मन संशोधकांनी सरोवराच्या तळात नळी घालून जवळपास १० मीटर गाळ बाहेर काढला. त्यात साधारण गेल्या ११ हजार वर्षांचा हिशोब निघाला. खालच्या भागात हिमयुग संपल्यावर मान्सूनचा जोर वाढल्याच्या खुणा. वर आलं की दोन ठिकाणी चिखलात खडे लागतात. या खड्यांचं नाव गेल्युसाइट. सोडियम, कॅल्शियम, कार्बोनेट आणि पाणी यांचा हा स्फटिक, गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाचा. अकरावी-बारावीत वायूचा नियम पाठ करायला लावणारा तोच तो. १८०४ मध्ये फुग्यात बसून सात हजार मीटर उंचीवर जाऊन हवेचे नमुने घेणारा.

सरोवर आटून पाणी फार दाट झालं तरच गेल्युसाइट तयार होतो. त्यामुळे जिथे खडे, तिथे लांबलेला दुष्काळ. लोणारमध्ये खड्यांचा पहिला पट्टा सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आहे. आता मेघालयात चला. तिथल्या मॉम्लुह गुहेतल्या एका चुनखडी स्तंभात ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस घटल्याची नोंद सापडली आणि ती इतकी स्पष्ट ठरली, की २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तिथून आजपर्यंतच्या काळाला ‘मेघालयन’ हे अधिकृत नाव दिलं. आपण सगळे सध्या मेघालयन कालखंडात राहतो. बुलडाण्याचा चिखल आणि मेघालयाची गुहा यांनी एकमेकांना न विचारता साक्ष जुळवली.

दुसरा पट्टा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. इतिहासाशी ताडून पाहा: सातवाहनांपासून यादवांपर्यंतचा जवळपास सगळा काळ त्यात येतो. लेणी कोरली गेली, देवळं उभी राहिली, मराठीत ग्रंथ लिहिले जाऊ लागले, आणि लोणारचा गाळ म्हणतो की या भागात दिवस एकंदरीत कोरडेच होते. दर वर्षी दुष्काळ पडला असा याचा अर्थ नाही, गाळाला साल-महिन्याचं भान नसतं. पण कोरडा काळ म्हणजे ऱ्हासाचा काळ, हे समीकरण महाराष्ट्रात तरी नीट बसत नाही.

आकाशातून पडलेली आणखी दोन तळी

उल्केच्या विवरातल्या तळ्यांवर गाळवाल्यांचा जीव असतो. वाटीसारखा आकार, छोटं पाणलोट, मोठी नदी आत शिरून घोटाळा करत नाही. घानामधलं बोसुम्त्वी सुमारे १० लाख ७० हजार वर्षांपूर्वीच्या विवरात आहे. अशांती लोकांना ते पवित्र. पाण्याला लोखंड लागू द्यायचं नाही म्हणून कोळी परंपरेनं नावेऐवजी लाकडाच्या फळीवर आडवे होऊन हातांनी वल्हवत मासेमारी करतात. याच तळ्यात पाण्यातून वर आलेले मेलेल्या झाडांचे शेंडे दिसतात. मुळं खोल तळाशी. म्हणजे काही शतकांपूर्वी तिथे कोरडी जमीन होती आणि चांगलं वाढलेलं जंगल होतं. गाळही तेच सांगतो: साधारण १४०० ते १७५० च्या दरम्यान पश्चिम आफ्रिकेत शतकं टिकणारा अवर्षणाचा काळ होऊन गेला.

दुसरं रशियाच्या अतिपूर्वेला, चुकोत्कामध्ये: एल्गिगित्गिन. नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला चहा पाजावा. विवर ३६ लाख वर्षांपूर्वीचं, आणि हिमयुगांतही त्यावर कधी बर्फाची चादर सरकत आली नाही, त्यामुळे गाळ खरवडला गेला नाही. २००९ मध्ये गोठलेल्या तळ्यावर यंत्र उभं करून तो काढला. त्यातले परागकण सांगतात, की ३६ लाख वर्षांपूर्वी तिथले उन्हाळे आजच्यापेक्षा सुमारे ८ अंशांनी उबदार होते. आर्क्टिकमध्ये घनदाट झाडी!

सत्तर हजार वर्षं, भिंतीवर टांगलेली

जपानमधल्या फुकुई प्रांतात सुइगेत्सु नावाचं तळं आहे. मोठी नदी थेट आत येत नाही, भोवतीच्या डोंगरांमुळे वारा पाणी ढवळत नाही, तळाशी प्राणवायू नाही म्हणून किडेही गाळ उकरत नाहीत. शिवाय तिथली जमीन हळूहळू खचत असल्यामुळे तळं भरून जात नाही. इतके योग जुळल्यावर दरवर्षी एक फिका आणि एक गडद असा जोडथर बसतो, जाडी सरासरी ०.७ मिलिमीटर. असे ४५ मीटर, म्हणजे सुमारे ७० हजार वर्षं. २०१८ मध्ये तिथे या गाळाचं संग्रहालय उघडलं. चिखलाचे पातळ काप काचेत बसवून ४५ मीटर लांब भिंतीवर लावले आहेत. आपण चालत जायचं आणि हिमयुगात पोचायचं. या थरांत सापडलेल्या पानांनी जगभरच्या पुरातत्त्वज्ञांची मोठी सोय केली: थर मोजून पानाचं खरं वय कळतं, मग रेडिओकार्बन पद्धतीतली चूक किती ते काढता येतं.

थर मोजायची ही विद्या मूळ स्वीडनची. गेरार्ड दे गेर यानं वितळत्या बर्फाच्या पाण्यानं दरवर्षी घातलेले मातीचे थर मोजत मोजत बर्फ कसा मागे हटला त्याचं कॅलेंडर बनवलं आणि १९१० मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत जगापुढे ठेवलं.

बैकल सरोवराची पद्धत वेगळी. वय सुमारे अडीच कोटी वर्षं, खोली १,६४२ मीटर. तिथे उबदार काळाच्या थरात डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या काचेरी कवचांची गर्दी असते, हिमयुगाच्या थरात नुसती माती. कवचं आहेत, नाहीत, आहेत, नाहीत. हिमयुगं आली आणि गेली, त्याची एवढी सोपी नोंद दुसरी नसेल.

काही फुटकळ, पण सोडवेना

हरियाणातल्या कोटला दहर या आटलेल्या तळ्यातल्या गोगलगायींच्या शंखांवरून संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी तिथला पावसाळा एकदम कमजोर झाला. लगेच मथळे आले की हडप्पा संस्कृती दुष्काळानं संपली. शंख पावसाबद्दल सांगतात. माणसं शहर सोडून का गेली, हे त्यांना विचारू नये. मेक्सिकोच्या चिचनकानाब तळ्याचीही तीच गोष्ट. तिथल्या गाळात इसवी सन ८०० ते १००० च्या सुमाराला जिप्समचे थर आहेत, आणि मायांची मोठी नगरं त्याच काळात ओस पडली. नातं असणारच. पण तेवढ्यावर निकाल देऊ नये.

काश्मीरचं केशर जुन्या सरोवराच्या अंगावर पिकतं. पीर पंजाल उंचावला, खोऱ्याचं पाणी अडलं, मोठं सरोवर झालं आणि त्यात शेकडो मीटर गाळ साचला. पुढे पाणी निघून गेलं आणि उंचवटे उरले, त्यांना तिथे कारेवा म्हणतात. पांपोरच्या केशराचे वाफे त्याच कारेव्यांवर.

सहारा हिरवं होतं तेव्हा, म्हणजे साधारण ११ ते ५ हजार वर्षांपूर्वी, चाड सरोवर महाराष्ट्रापेक्षा मोठं होतं, साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या वर. ते आटलं आणि तळातली डायटमची भुकटी उघडी पडली. बोदेले नावाचा हा खळगा आज जगातल्या सर्वांत धुळकट जागांपैकी एक आहे. सहाराची जवळपास २ कोटी ७७ लाख टन धूळ दरवर्षी अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते आणि तिच्यासोबत सुमारे २२ हजार टन फॉस्फरस जातो. एका खंडातल्या तळ्याचा गाळ, दुसऱ्या खंडातल्या जंगलाचं खत.

१८.३ कोटी वर्षांपूर्वी जग एकाएकी तापलं, तेव्हा चीनच्या सिचुआन खोऱ्यात पाऊस वाढला, दगड झिजले, पोषक द्रव्यं वाहून आली आणि एक अवाढव्य सरोवर शेवाळानं भरलं. त्या एका सरोवराच्या तळात सुमारे ४६० अब्ज टन सेंद्रिय कार्बन गाडला गेला, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटलं आहे. विदारणाचा शिंपल्यांवाटेचा मार्ग सगळ्यांना माहीत असतो. हा तळ्यावाटेचा आडमार्ग फारसा कुणी सांगत नाही.

आणि कॅनडातलं क्रॉफर्ड तळं. त्याच्या थरांत १९५० च्या सुमाराला अणुचाचण्यांचं प्लुटोनियम दिसू लागतं. मानवी युग कुठून मोजायचं याची खूण म्हणून २०२३ मध्ये त्याची निवड झाली. २०२४ मध्ये मतदान होऊन मानवी युगाचा प्रस्तावच बारगळला. प्लुटोनियम अर्थात जागेवर आहे.

आता दगडालाच घाई करायची

निसर्ग लाखो वर्षांत करतो ते काम झटपट करता येईल का? आइसलँडमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टच्या पोटात सोडला, आणि २०१६ मध्ये जाहीर झालं की त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत दगड होऊन बसला. दुसरा मार्ग शेतातला: बेसॉल्टची भुकटी जमिनीवर पसरायची, पाऊस तिच्यावर आपलं काम करतो, कार्बन बायकार्बोनेट होऊन निघून जातो आणि पिकाला थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियमही मिळतं. भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर हेच करणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला एप्रिल २०२५ मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. खडी क्रशरच्या शेजारी ढीग लागलेली काळी भुकटी ज्या राज्यात गावोगावी आहे, तिथे या बातमीकडे जरा बारकाईनं बघायला हवं.

घोडं अडतं ते मोजणीत. वायू खरोखर किती खर्ची पडला, हे शेतात उभं राहून दिसत नाही. त्यावर एक उपाय बेसॉल्टमध्येच आहे. त्यातलं टायटॅनियम पावसाला दाद देत नाही, ते जागीच राहतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र धुऊन जातं. वर्षभरानं माती तपासायची. टायटॅनियमवरून भुकटी किती पडली होती ते कळतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमवरून उरलं किती ते कळतं, आणि वजाबाकीतून विरघळलं किती. तळ्याच्या गाळात काठावरची माती कधी जास्त वाहून आली, हे शोधतानाही संशोधक टायटॅनियमवरच विसंबतात.